तिथी, आसन आणि उंबरठा: नाशिकच्या प्रवाशाचे विमानभाडे

एसटीचे भाडे टप्प्यांवरून ठरते. सहा किलोमीटरचा एक टप्पा धरला जातो आणि नाशिकहून धुळ्याला निघालेल्या साध्या बसमध्ये पहिल्या बाकावर बसलेल्या व शेवटच्या क्षणी धावत येऊन चढलेल्या प्रवाशाला सारखेच तिकीट पडते. रेल्वेच्या भाड्याचाही मूळ आधार अंतर आणि वर्ग हाच आहे. या दोन व्यवस्थांत पिढ्यानपिढ्या वावरलेल्या महाराष्ट्रातील प्रवाशाच्या मनात त्यामुळे ‘लांबचे महाग, जवळचे स्वस्त’ हे समीकरण पक्के बसलेले असते आणि विमानाचे तिकीट काढताना त्याची पहिली फसगत याच समीकरणामुळे होते. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मुंबई ते गोवा हा जेमतेम तासाभराचा प्रवास त्याच्या जवळजवळ चौपट अंतरावरच्या कोलकात्यापेक्षा महाग पडू शकतो आणि ऑगस्टमधील एखाद्या पावसाळी मंगळवारी तेच गोवा वातानुकूलित खासगी बसच्या भाड्याच्या आसपास येऊन ठेपते. विमानभाडे ही अंतराची किंमत नसते. त्या दिवशी, त्या वेळेच्या विमानात, त्या आसनासाठी आपल्याशिवाय आणखी किती जण पैसे मोजायला तयार आहेत, याची ती किंमत असते. स्वस्त तिकीट शोधणे म्हणजे इतरांना ज्या दिवशी आणि ज्या दिशेने जायचे नाही तो दिवस आणि ती दिशा शोधणे होय, आणि या शोधात नाशिकच्या प्रवाशाजवळ इतर अनेक शहरांतील लोकांपेक्षा अधिक पर्याय आहेत, हे या प्रकरणाचे मुख्य प्रतिपादन आहे.

नाशवंत माल

नाशिकच्या पंचवटीतील बाजार समितीत संध्याकाळी पालेभाज्यांचे लिलाव होतात आणि रात्रीतून कोथिंबीर, मेथी, शेपूच्या जुड्या मुंबईकडे रवाना होतात. त्या रात्री न विकलेली जुडी सकाळी मातीमोल होते, म्हणून आवक जास्त असेल तर लिलाव संपत येताना भाव कोसळतो. विमानाचे आसनही असेच नाशवंत असते, कारण विमान धावपट्टी सोडून उडाले की रिकाम्या आसनाची किंमत शून्य होते. यावरून शेवटच्या दिवशी विमानाचे तिकीटही स्वस्त होत असावे, असा तर्क कोणीही करील. प्रत्यक्षात बहुधा उलट घडते, आणि ते का घडते हे समजले की तिकीट केव्हा काढावे या प्रश्नाचे निम्मे उत्तर हाती येते.

कोथिंबिरीच्या बाजारात शेवटी येणारा ग्राहक स्वस्ताच्या शोधात आलेला असतो, तर विमानाच्या बाजारात शेवटी येणारा ग्राहक नाइलाजाने आलेला असतो. कोणाचे नातलग अत्यवस्थ असतात, कोणाची मुलाखत उद्यावर आलेली असते, कोणाच्या कारखान्यातील यंत्र बंद पडलेले असते. अशा ग्राहकासाठी काही आसने राखून ठेवावीत की आधी येणाऱ्याला स्वस्तात देऊन टाकावीत, हा विमान कंपन्यांपुढचा जुना पेच आहे. ब्रिटनच्या बीओएसी या विमान कंपनीतील केन लिटलवूड यांनी १९७२ मध्ये त्यावर एक साधा नियम मांडला. समजा, एका आसनाचे स्वस्त भाडे ३,००० रुपये आणि महाग भाडे ९,००० रुपये आहे, म्हणजे स्वस्त भाडे महाग भाड्याच्या एक तृतीयांश आहे. मग ते आसन नंतर ९,००० रुपयांना विकले जाण्याची शक्यता एक तृतीयांशाहून अधिक असेल तर ते राखून ठेवावे, कमी असेल तर आज समोर उभ्या असलेल्या ग्राहकाला ३,००० रुपयांत देऊन टाकावे. आज विमान कंपन्यांचे संगणक जे करतात ते याच हिशेबाचे अनेक पटींनी गुंतागुंतीचे रूप आहे, आणि त्याला ‘महसूल व्यवस्थापन’ असे म्हणतात.

या व्यवस्थेत विमानातील सगळी आसने एकसारखी दिसत असली तरी ती भाड्याच्या वेगवेगळ्या कप्प्यांत वाटलेली असतात. एकशे ऐंशी आसनांच्या विमानात सर्वांत स्वस्त कप्प्यात थोडी आसने असतात, ती संपली की त्यावरचा कप्पा उघडतो, तो संपला की त्याच्या वरचा. ‘काल तीन हजार दाखवत होते, आज साडेतीन झाले’ असे प्रवासी म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा एक कप्पा संपून दुसरा उघडलेला असतो. यातून एक उपयोगी गोष्ट निघते. चौघांचे तिकीट एकदम शोधले आणि स्वस्त कप्प्यात तीनच आसने उरलेली असली, तर बऱ्याच आरक्षण व्यवस्था चारही जणांना वरच्या कप्प्याचे भाडे लावतात. म्हणून कुटुंबासाठी शोध घेताना आधी एका व्यक्तीचे भाडे पाहावे, मग चौघांचे, आणि दोन्हींत फरक दिसला तर तिघांचे आणि एकाचे अशी दोन तिकिटे वेगळी काढावीत. शेजारी बसायला मिळण्याची खात्री मात्र त्यात थोडी कमी होते.

भाडी अशी लवचीक होण्यासाठी ती ठरविण्याचे स्वातंत्र्य कंपन्यांना मिळावे लागते. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने ते मिळाले, आणि १९८५ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने पीपल एक्सप्रेस या स्वस्त कंपनीशी सामना करताना आधी तिकीट काढणाऱ्यांना मोजकीच आसने अतिशय कमी दरात आणि उरलेली पूर्ण दरात विकण्याचे तंत्र असे काही वापरले, की दोन वर्षांत पीपल एक्सप्रेसचे नाव पुसले गेले. भारतात १९५३ च्या कायद्याने हवाई वाहतूक सरकारी महामंडळांकडे गेली होती. तो कायदा १९९४ मध्ये रद्द झाला, आणि २००३ मध्ये कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कनने स्वस्त विमानसेवेची कल्पना सामान्य माणसापर्यंत पोहोचवली. असाधारण परिस्थितीत मात्र सरकार हस्तक्षेप करते आणि तसे करताना पुन्हा अंतराच्या जुन्या तत्त्वाकडे वळते, हे लक्षात घेण्याजोगे आहे. कोविडच्या काळात २५ मे २०२० पासून ३१ ऑगस्ट २०२२ पर्यंत देशांतर्गत भाड्यांवर उड्डाणाच्या कालावधीनुसार मर्यादा होत्या, आणि डिसेंबर २०२५ मध्ये मोठ्या संख्येने उड्डाणे रद्द होऊन भाडी भडकली तेव्हा ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपयांपासून १,५०० किलोमीटरच्या पुढे १८,००० रुपयांपर्यंत कमाल भाडी ठरवून देण्यात आली. एरवी भाड्याचा निर्णय कप्प्यांचा संगणकच घेतो.

तिकीट काढण्याची ‘योग्य वेळ’ याविषयी जे समज पसरलेले आहेत त्यांतील बरेचसे कालबाह्य आहेत. मंगळवारी मध्यरात्री तिकीट स्वस्त असते, हा त्यांतील सर्वांत लोकप्रिय. अमेरिकेत एकेकाळी कंपन्या आठवड्याच्या सुरुवातीला नवी भाडी जाहीर करीत आणि इतर कंपन्या दुसऱ्या दिवशी त्यांची बरोबरी करीत, तेथे या समजाचे मूळ असावे. आता भाडी दिवसातून अनेकदा बदलतात, त्यामुळे तिकीट कोणत्या वारी काढले याला फारसे महत्त्व उरलेले नाही. प्रवास कोणत्या वारी केला याला मात्र फार महत्त्व आहे. शुक्रवारची संध्याकाळ आणि रविवारची संध्याकाळ बहुतेक मार्गांवर महाग असते, तर मंगळवार, बुधवार आणि शनिवारची दुपार सौम्य असते. ढोबळमानाने सांगायचे तर, देशांतर्गत साध्या दिवसांच्या प्रवासासाठी तीन ते आठ आठवडे आधीचा काळ समाधानकारक असतो, दिवाळी, नाताळ किंवा मे महिन्याच्या प्रवासासाठी तीन-चार महिने आधी हालचाल करावी लागते, आणि परदेशासाठी दोन ते पाच महिन्यांची मुदत हाताशी ठेवावी. वर्षभर आधी तिकीट काढण्याने हमखास बचत होते असे नाही, कारण इतक्या आधी कंपनीला विमान भरण्याची चिंता नसते आणि स्वस्त कप्पे पुष्कळदा उघडलेलेच नसतात.

ओझर, काकडी, मुंबई

नाशिक शहरापासून सुमारे वीस किलोमीटरवर असलेली ओझरची धावपट्टी मुळात प्रवाशांसाठी बांधलेलीच नव्हती. हिंदुस्थान एरोनॉटिक्स अर्थात एचएएलने १९६४ मध्ये येथे मिग-२१ लढाऊ विमानांचा कारखाना उभारला, पुढे येथेच सुखोई-३० विमाने तयार झाली आणि १७ ऑक्टोबर २०२५ रोजी येथे तयार झालेल्या पहिल्या तेजस एमके-१ए विमानाने याच तीन किलोमीटर लांबीच्या धावपट्टीवरून उड्डाण केले. जानोरीच्या बाजूला राज्य शासनाने बांधलेल्या प्रवासी इमारतीचे उद्घाटन मार्च २०१४ मध्ये झाले. इमारत होती, धावपट्टी होती, पण विमान नव्हते, ही अवस्था बराच काळ टिकली आणि नाशिककरांनी ती पुष्कळ संयमाने सोसली.

ती बदलली ‘उडान’ योजनेमुळे. ‘उडे देश का आम नागरिक’ या घोषवाक्याची आद्याक्षरे जुळवून नाव दिलेली ही प्रादेशिक हवाई जोडणी योजना २०१६ मध्ये जाहीर झाली आणि एप्रिल २०१७ मध्ये तिचे पहिले विमान सिमल्याहून दिल्लीला उडाले. तिची रचना समजून घेतल्याशिवाय ओझरच्या भाड्यांचे आणि तेथील सेवा सुरू होऊन बंद पडण्याचे कोडे सुटत नाही. या योजनेत विमान कंपनी बोली लावून एखादा मार्ग मिळवते, विमानातील साधारण निम्मी आसने अंतरानुसार ठरवून दिलेल्या कमाल भाड्यात विकण्याचे बंधन स्वीकारते, आणि त्या आसनांवर होणारी तूट सरकार भरून देते. या भरपाईला ‘व्यवहार्यता तूट निधी’ म्हणतात. तासाभराच्या उड्डाणासाठी आरंभी ही मर्यादा सुमारे २,५०० रुपये होती. पण हा आधार तीन वर्षांपुरताच असतो. त्या मुदतीत मार्गावर पुरेसे प्रवासी तयार झाले तर सेवा स्वतःच्या पायावर उभी राहते, नाही तर विमान दुसरीकडे वळते. शिवाय अशा मार्गावरचे प्रवासी कंपनीच्या एकूण प्रकृतीशी बांधलेले असतात. डिसेंबर २०१७ मध्ये नव्याने अवतरलेल्या एअर डेक्कनच्या छोट्या विमानाने नाशिक मुंबईशी जोडले गेले, पण ती सेवा टिकली नाही. जून २०१८ मध्ये जेट एअरवेजने दिल्लीची सेवा सुरू केली, आणि १७ एप्रिल २०१९ रोजी ती कंपनीच थांबली. पुढे अलायन्स एअर, स्पाइसजेट, स्टार एअर यांनी वेगवेगळ्या शहरांसाठी उड्डाणे केली. १५ मार्च २०२३ पासून इंडिगोने गोवा, अहमदाबाद आणि नागपूरसाठी सेवा सुरू केली व नंतर हैदराबाद, इंदूर, बंगळुरू, दिल्ली अशी भर पडत गेली.

या इतिहासातून ओझरच्या प्रवाशाने दोन गोष्टी घ्यायच्या आहेत. पहिली अशी, की येथील बहुतेक मार्गांवर एका वेळी एकच कंपनी असते, त्यामुळे कप्पे भराभर वर सरकतात आणि चुरस नसल्याने ते खाली येण्याचे कारण उरत नाही. म्हणून ओझरचे तिकीट मुंबईच्या तिकिटापेक्षा अधिक आधी काढणे श्रेयस्कर ठरते. दुसरी अशी, की विमान कंपन्यांची वेळापत्रके वर्षातून दोनदा, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात, आणि लहान विमानतळांवरचे मार्ग सुरू किंवा बंद होण्याची शक्यता त्या सुमारास सर्वांत जास्त असते. एप्रिलमधील प्रवासाचे ओझरचे तिकीट जानेवारीत काढणाऱ्याने मार्चमध्ये वेळ पुन्हा तपासलीच पाहिजे.

ओझरशिवाय नाशिकच्या प्रवाशाला आणखी दोन-तीन दारे आहेत. सिन्नरमार्गे शंभर किलोमीटरच्या आत काकडी येथे शिर्डीचा विमानतळ आहे, जो १ ऑक्टोबर २०१७ रोजी सुरू झाला. कसारा घाट उतरून सुमारे १७० किलोमीटरवर मुंबईचा विमानतळ आहे, आणि डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरूनही उड्डाणे होऊ लागली आहेत. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्याने घाटातील वेळ बराच वाचू लागला आहे. दार कोणते निवडावे, हे केवळ तिकिटाचा आकडा पाहून ठरविणे ही चूक आहे. हिशेब घराच्या उंबरठ्यापासून मुक्कामाच्या उंबरठ्यापर्यंत करायला हवा.

एक कल्पित पण वास्तवाला धरून असलेले उदाहरण घेऊ. समजा, बंगळुरूचे ओझरहून भाडे ५,८०० रुपये आणि त्याच दिवशी मुंबईहून ४,३०० रुपये आहे. एकट्या प्रवाशाला मुंबईहून १,५०० रुपये वाचतात, पण मुंबईपर्यंतच्या खासगी गाडीला साडेचार हजार रुपये द्यावे लागले तर तो तीन हजारांनी तोट्यात जातो. तोच प्रवासी नाशिकच्या द्वारका चौकातून शेअर टॅक्सीने किंवा पंचवटी एक्सप्रेसने गेला तर हजारभर रुपये वाचतात, मात्र निम्मा दिवस खर्ची पडतो. आता तेच चौघांच्या कुटुंबासाठी पाहावे. तिकिटांवर सहा हजार वाचतात, गाडीला साडेचार हजारच लागतात, आणि दीड हजार रुपये हातात राहतात. सहा जणांची मोठी गाडी केली तर फायदा आणखी वाढतो. तिकीट माणशी आकारले जाते आणि गाडी गाडीमागे, एवढ्याच फरकामुळे एकट्यासाठी ओझर आणि घोळक्यासाठी मुंबई असा कौल पुष्कळदा निघतो. यात अर्थात पहाटे तीनला घरून निघण्याची दगदग, सोबतच्या आजी-आजोबांची प्रकृती आणि पावसाळ्यातील घाट यांना रुपयांत बसवता येत नाही. ज्येष्ठांसाठी दोन-तीन हजार जास्त देऊन ओझरहून जाणे हा उधळेपणा मुळीच नाही.

काकडीचे दार नाशिककर सहसा विसरतात, आणि ते विसरू नये यासाठी भाड्याचे एक महत्त्वाचे तत्त्व येथे सांगायला हवे. विमान ज्या दिशेने भरून येते त्याच्या उलट दिशेनेही त्याला जावेच लागते. शिर्डीला साईभक्त गुरुवारी, शनिवार-रविवारी, रामनवमीला, गुरुपौर्णिमेला आणि दसऱ्याला लोटतात. हैदराबाद, चेन्नई किंवा बंगळुरूहून शुक्रवारी-शनिवारी सकाळी भरून आलेले विमान त्याच दिवशी परतताना तितके भरलेले नसते, तर रविवारी संध्याकाळी परतणाऱ्या भक्तांमुळे नेमके उलट होते. नाशिकहून दक्षिणेत जाणाऱ्याने भक्तांच्या येण्याच्या दिवशी निघावे आणि त्यांच्या परतीनंतर, पुढच्या शुक्रवारच्या गर्दीआधी, यावे. गर्दीच्या विरुद्ध दिशेचा हा प्रवास म्हणजे दिशेची सवलतच असते आणि ती कोणत्याही जाहिरातीत छापलेली नसते.

तिथीचा हिशेब

मराठी घरातील भिंतीवरची दिनदर्शिका हे विमानभाडे समजून घेण्याचे फार चांगले साधन आहे. भारतात भाडी वर-खाली होतात ती सण, लग्नसराई आणि शाळांच्या सुट्ट्या यांच्यामुळे, आणि यांतील पहिल्या दोन गोष्टी तिथीवर चालतात. साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी अधिक महिना येतो आणि पुढचे सगळे सण इंग्रजी तारखांच्या हिशेबात पुढे सरकतात. २०२५ मध्ये दिवाळी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात होती. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून असा अधिक ज्येष्ठ येतो, त्यामुळे लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला जाते. मागच्या वर्षी ऑक्टोबरअखेर भाडी उतरली होती म्हणून यंदाही त्याच तारखा निवडणारा प्रवासी दिवाळीच्या तोंडावर चढत्या भाड्यांत सापडतो, तर तिथीने तुलना करणारा सापडत नाही.

तुळशीविवाहानंतर लग्नाचे मुहूर्त सुरू होतात आणि भाडी ताठरतात. चातुर्मासात मुहूर्त नसतात, पाऊस असतो, शाळा सुरू असतात, आणि जुलैपासून सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत गणेशोत्सव व स्वातंत्र्यदिनाची जोडून येणारी सुट्टी वगळता देशांतर्गत भाडी वर्षातील सर्वांत मवाळ असतात. भाद्रपदातील पितृपक्षात शुभकार्ये आणि हौसेचे प्रवास टाळले जातात, म्हणून तो पंधरवडा देशभर सहसा स्वस्त असतो. नाशिकपुरता यात एक अपवाद संभवतो, कारण श्राद्धविधींसाठी रामकुंडावर आणि त्र्यंबकेश्वरी परराज्यांतून लोक येतात. नाशिककडे येणारी तिकिटे तेव्हा चढू शकतात, पण नाशिकहून बाहेर जाणाऱ्याला वर सांगितलेली दिशेची सवलत मिळते. पितृपक्षात प्रवास करावा की नाही हा ज्याच्या-त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. ज्यांना अडचण वाटत नाही त्यांच्यासाठी हे पंधरा दिवस मोलाचे आहेत.

निफाड-दिंडोरीच्या द्राक्ष बागायतदारांच्या बाबतीत हा योग विशेष जुळून येतो. जानेवारी ते मार्च-एप्रिल हा त्यांचा तोडणीचा हंगाम असतो, एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणीची धांदल सुरू होते. मधल्या पावसाळ्यात बागेतील फवारणीचे काम चालू असले तरी आठवडाभर घर सोडता येईल असे काही दिवस निघतात, आणि विमानभाडीही नेमकी तेव्हाच खाली असतात. नोकरदार कुटुंब मुलांच्या मेच्या सुट्टीला बांधलेले असते. शेतकरी कुटुंब, विशेषतः मुले मोठी झालेले, तसे बांधलेले नसते, आणि या मोकळीकीची किंमत माणशी काही हजार रुपये आहे.

‘कुठे’ हा प्रश्न शेवटी

बहुतेक कुटुंबे आधी ठिकाण ठरवतात, मग तारखा, आणि शेवटी तिकीट शोधतात. स्वस्त प्रवासाचा क्रम याच्या उलट आहे: आधी मोकळे दिवस, मग त्या दिवसांत कोणत्या दारातून कुठे स्वस्तात जाता येते याचा शोध, आणि मग ठिकाण. यासाठी आवश्यक साधने आज प्रत्येकाच्या मोबाइलवर आहेत. स्कायस्कॅनरवर गंतव्य स्थानाच्या जागी ‘कुठेही’ असा पर्याय निवडता येतो. गूगल फ्लाइट्सवर नकाशा उघडून निरनिराळ्या शहरांची भाडी एकदम पाहता येतात, महिन्याच्या दिनदर्शिकेत प्रत्येक दिवसाचे भाडे दिसते, आणि एखाद्या मार्गाचे भाडे बदलले की सूचना मिळण्याची सोय लावता येते. निघण्याच्या जागी नाशिक, शिर्डी आणि मुंबई अशी तिन्ही नावे टाकून पाहणे नाशिकच्या प्रवाशाने कधीही चुकवू नये. शोध अशा ठिकाणी घ्यावा आणि तिकीट शक्यतो कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर काढावे, कारण उड्डाण रद्द झाले किंवा वेळ बदलली तर परतावा मिळवताना मध्ये कोणी नसलेले बरे.

ठिकाण स्वस्त का असते, यालाही कारणे असतात. परदेशाच्या बाबतीत सर्वांत मोठे कारण दोन देशांतील हवाई सेवा करार हे आहे, ज्यात दोन्ही बाजूंच्या कंपन्यांनी आठवड्याला किती आसने चालवावीत याची मर्यादा ठरलेली असते. भारत आणि दुबई यांच्यातील मर्यादा प्रत्येक बाजूला आठवड्याला सुमारे ६६ हजार आसनांची आहे आणि मागणी तिच्यावर सतत दाटलेली असते, म्हणून तीन तासांवरचे दुबई पुष्कळदा अपेक्षेपेक्षा महाग निघते. बँकॉक, क्वालालंपूर किंवा व्हिएतनामच्या शहरांकडे अनेक कंपन्यांची चुरस असल्याने अंतर अधिक असूनही भाडी आटोक्यात राहतात. दुसरे कारण ऋतूचे आहे, आणि येथे थोडा भूगोल कामी येतो. श्रीलंकेच्या पश्चिम किनाऱ्यावर नैऋत्य मोसमी पाऊस कोसळत असतो तेव्हा पूर्वेकडील त्रिंकोमालीचा किनारा कोरडा असतो. मध्य व्हिएतनाममधील दा नांग आपल्या पावसाळ्याच्या पूर्वार्धात कोरडे असते. देशात लेह-लडाख मात्र जून ते सप्टेंबर याच काळात बहरात असल्याने तेथील भाडे पावसाळ्यात स्वस्त होईल या आशेवर थांबू नये.

नाशिकच्या ज्या घरांतील मुले अमेरिकेत आहेत, त्या घरांतील आईवडिलांचा प्रश्न वेगळा असतो, कारण त्यांचे ठिकाण आधीच ठरलेले असते आणि फक्त तारखा हातात असतात. मुंबईहून अमेरिकेला जाणारी भाडी मे-जूनमध्ये सुट्टीच्या प्रवाशांमुळे, ऑगस्टमध्ये विद्यापीठांत दाखल होणाऱ्या विद्यार्थ्यांमुळे आणि डिसेंबरमध्ये नाताळमुळे चढतात. मार्चच्या उत्तरार्धात किंवा एप्रिलच्या आरंभी आठवड्याच्या मधल्या वारी निघून सप्टेंबरमध्ये परतणाऱ्यांना थंडीही चुकवता येते आणि तिन्ही लाटाही. त्यांनी एक पथ्य मात्र पाळावे: दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सुटी तिकिटे जोडून मिळणाऱ्या बचतीच्या मोहात पडू नये, कारण पहिले विमान उशिरा पोहोचले तर दुसऱ्या कंपनीवर कोणतीही जबाबदारी नसते आणि परक्या विमानतळावर नवे तिकीट पूर्ण दराने काढावे लागते.

तिकिटावरचा आकडा म्हणजे कंपनीचे मूळ भाडे, इंधन अधिभार, विमानतळाचे वापरकर्ता विकास शुल्क, सुरक्षा शुल्क आणि वस्तू व सेवा कर यांची बेरीज असते. सामान्य श्रेणीसाठी हा कर पाच टक्के आहे. ‘परतावा नाही’ असे लिहिलेले तिकीट रद्द केले किंवा विमान चुकले तरी विमानतळाची शुल्के आणि सरकारी कर परत मिळण्याचा हक्क नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनी प्रवाशाला दिलेला आहे. स्वस्त तिकिटात हा भाग एकूण रकमेच्या मानाने लक्षणीय असतो, तरीही असंख्य प्रवासी तो मागतच नाहीत.

आता नाशिकपुढे सिंहस्थ कुंभमेळा आहे. मागील सिंहस्थ २०१५ मध्ये झाला तेव्हा ‘उडान’ योजना यायची होती; या वेळी ओझर, काकडी आणि नवी मुंबई ही तिन्ही दारे उघडी असतील. ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी ध्वजारोहण आणि २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट व ११-१२ सप्टेंबर २०२७ अशी अमृतस्नाने जाहीर झालेली आहेत. प्रयागराजच्या कुंभमेळ्यात जानेवारी २०२५ मध्ये मौनी अमावास्येच्या सुमारास भाडी इतकी चढली होती, की महासंचालनालयाला जादा उड्डाणे करून भाडी आटोक्यात ठेवण्यास कंपन्यांना सांगावे लागले. एरवी मवाळ असलेले ऑगस्ट-सप्टेंबर हे दोन महिने २०२७ मध्ये नाशिककडे येणाऱ्यांसाठी मवाळ राहणार नाहीत. ज्या नाशिककरांचे नातलग बंगळुरू, हैदराबाद किंवा दिल्लीहून स्नानासाठी येणार आहेत, त्यांनी त्या तारखांचे आरक्षण खुले होताच तिकिटे काढायला सांगावे आणि पर्वणीच्या किमान तीन-चार दिवस आधी येऊन तितकेच दिवस थांबून परतायला सांगावे, म्हणजे येताना आणि जाताना दोन्ही वेळी शिखराचे भाडे टळेल. ज्यांना त्या गर्दीतून बाहेर पडायचे आहे त्यांच्यासाठी हिशेब उलटा आहे. ३० जुलै किंवा ३१ जुलैला भरून आलेली विमाने ओझरहून परतताना निम्मी रिकामी असण्याचा संभव मोठा आहे, आणि त्या विमानांतील स्वस्त कप्पे सर्वांत शेवटपर्यंत उघडे राहतील.